रथाजवळ जा
रोज ये-जा करणारे आदिवासी विद्यार्थी आणि आपली मंडळी : एक अभ्यास

शास्त्रपाठ : प्रेषितांची कृत्ये 8:26-40



दरवर्षी जून-जुलै महिन्यांत आपल्याकडे एक आनंदाचा रविवार येतो. बारावी झालेली पाड्यांवरची मुलंमुली उपासनेला किंवा कार्यक्रमाला येतात, कोणाला कुठल्या कॉलेजात प्रवेश मिळाला ते वाचून दाखवलं जातं, दप्तर आणि वह्या दिल्या जातात, टाळ्या होतात. आपल्या अहवालात त्या वर्षीचा आकडा लिहिला जातो : इतक्यांना प्रवेश मिळाला. हा आकडा मीही अनेक वर्षं अभिमानाने लिहिला आहे.

काही वर्षांपूर्वी त्या यादीत डहाणू तालुक्यातल्या एका पाड्यावरची वारली मुलगी होती. घराण्यातली बारावी पास झालेली पहिलीच. तिला विरारच्या पुढच्या एका कॉलेजात प्रवेश मिळाला. वसतिगृहात जागा मिळाली नाही, म्हणून रोज जाऊन-येऊन शिकायचं ठरलं. जानेवारीत मी तिच्या घरी गेलो तेव्हा ती अंगणात भात पाखडत होती. कॉलेज सोडून महिना झाला होता. आम्हाला कोणी कळवलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर आम्हीही विचारलं नव्हतं.

मी तिला कारण विचारलं. पैसे, अभ्यास, घरचं काम असं काहीतरी सांगेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, “सर, तिथं चार महिने मी गेले, पण माझ्याशी कोणी बोललंच नाही.”

पुढच्या महिन्यात मंडळीच्या बैठकीत मी ही गोष्ट सांगितली. तेव्हा आपल्यातल्या एक परिचारिका बाई, ज्या रोज त्याच मार्गावरून ड्युटीला जातात, काही वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “निळी ओढणी, हातात कापडी पिशवी? ती रोज माझ्याच डब्यात असायची. आम्ही तिच्यासाठी नाव घेऊन प्रार्थना करत होतो, आणि मी तिच्यापासून दोन बाकांवर बसत होते.”

त्या वाक्याने मला पुन्हा प्रेषितांच्या कृत्यांचा आठवा अध्याय उघडायला लावला. या अंकातला धडा त्यातूनच आला आहे.

1. प्रवेशाची वाट

आधी परिस्थिती समजून घेऊ. महाराष्ट्रात उच्च शिक्षणात अनुसूचित जमातींसाठी 7 टक्के जागा राखीव आहेत. 2011 च्या जनगणनेनुसार राज्याच्या लोकसंख्येत आदिवासी सुमारे 9.35 टक्के आहेत, आणि पालघर जिल्ह्यात तर सुमारे 37 टक्के. त्यामुळे ‘त्यांना काय, आरक्षण आहे, सहज प्रवेश मिळतो’ हे बोलणं आपण निदान आपल्या मंडळीत तरी थांबवलं पाहिजे. राखीव जागा म्हणजे दार. पण दारापर्यंत पोहोचायला कागदांची वाट चालावी लागते.

ती वाट अशी : जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, आधारशी जोडलेलं बँक खातं. इंजिनिअरिंग, नर्सिंग, फार्मसी, वैद्यकीय अशा व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी यांशिवाय जात वैधता प्रमाणपत्र लागतं. त्यासाठी तपासणी समितीकडे अर्ज करून वडील-आजोबांच्या काळातले पुरावे द्यावे लागतात. 1950 पूर्वीचा शाळेतला किंवा महसुली दप्तरातला दाखला असेल तर त्याला मोठं वजन असतं. पण ज्याचा आजोबा शाळेची पायरीच चढला नाही त्याने शाळेचा दाखला कुठून आणायचा? वडिलांच्या बाजूच्या एखाद्या रक्ताच्या नातेवाइकाचं वैधता प्रमाणपत्र असेल तर काम बरंच सोपं होतं. म्हणून एका घरातल्या एकाचे कागद नीट झाले की चुलत भावंडांची वाटही मोकळी होते. हे काम बारावीच्या निकालानंतर धावपळ करून होत नाही. ते अकरावीतच सुरू करावं लागतं.

पदवीच्या प्रवेशातही एक गोष्ट पालकांना माहीत नसते. मुंबई विद्यापीठाशी संलग्न कॉलेजांमध्ये आधी विद्यापीठाच्या संकेतस्थळावर नावनोंदणी करावी लागते, मग प्रत्येक कॉलेजचा अर्ज वेगळा, आणि त्यानंतर गुणवत्ता याद्या लागतात. त्याच संस्थेच्या कनिष्ठ महाविद्यालयातून आलेल्या मुलांना आधी जागा मिळतात. यादी लागल्यावर कागद दाखवून फी भरायला दोन-तीन दिवसच हातात असतात. पाड्यावर मोबाइलची रेंज नसेल, किंवा वडील वीटभट्टीवर गेलेले असतील, तर गुण असूनही जागा हातची जाते.

इथे आपल्या स्वतःच्या घराकडेही पाहू. राज्यघटनेच्या कलम 15(5) नुसार अल्पसंख्याक शिक्षणसंस्थांवर अनुसूचित जमातींच्या राखीव जागांचं बंधन नाही. म्हणजे अनेक नामांकित ख्रिस्ती कॉलेजांत बिगरख्रिस्ती वारली, कोकणा किंवा कातकरी मुलासाठी कायद्याने वेगळी जागा नसते. काही संस्था आपणहून अशा मुलांना घेतात, त्याबद्दल देवाचे आभार. पण आपल्यापैकी जे अशा संस्थांच्या समित्यांवर आहेत त्यांनी हा प्रश्न तिथे विचारावा. कायदा बंधन घालत नसला तरी मन मोठं करायला तो आडवाही येत नाही.

2. रोजची वाट

16 एप्रिल 2013 रोजी उपनगरी लोकल डहाणू रोडपर्यंत धावू लागली. त्याने या भागातल्या शेकडो मुलांना मुंबईच्या बाजूची कॉलेजं आवाक्यात आली असं वाटलं, आणि ते बरोबरही होतं. पण नकाशावर आवाक्यात येणं वेगळं आणि अंगाने ते अंतर रोज कापणं वेगळं. विरार ते डहाणू रोड हे अंतर सुमारे 64 किलोमीटर आहे. विरारच्या पलीकडे लोकलच्या फेऱ्या मोजक्या, लांब पल्ल्याच्या गाड्याही त्याच रुळांवरून जातात, म्हणून लोकल मध्येच थांबवून ठेवली जाते. चौपदरीकरणाचं काम हाती घेतलं आहे. ते पूर्ण होईपर्यंत तरी मुलांना हेच वेळापत्रक सांभाळायचं आहे.

आमच्या त्या मुलीचा दिवस असा होता. पहाटे साडेचारला उठून पाणी भरायचं, भाकरी करायची. साडेपाचला निघून डांबरी रस्त्यापर्यंत चालत. तिथून जीप भरली की स्टेशन. मग लोकल, मग पुन्हा चालणं. परत येताना अडचण होती शेवटच्या जीपची. ती संध्याकाळी सहाला स्टेशनवरून सुटायची. ती पकडायची तर शेवटचं लेक्चर सोडावं लागायचं. रोज सोडलं म्हणून त्या विषयाची हजेरी 75 टक्क्यांच्या खाली गेली आणि सूचनाफलकावरच्या यादीत तिचं नाव लागलं. वर्गाला वाटलं ही मुलगी दांड्या मारते. जीपची गोष्ट तिने कोणाला सांगितली नाही, कारण कोणी विचारली नाही.

आता पैशांचं पाहू. भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला अडीच लाख रुपये आहे. तिच्या 2010 साली ठरलेल्या दरांत बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. अशा साध्या पदवीच्या विद्यार्थ्याला वसतिगृहात राहत असेल तर महिन्याला 570 रुपये निर्वाह भत्ता आणि घरून जाऊन-येऊन शिकत असेल तर 300 रुपये. घरी जेवतो म्हणून त्याचा खर्च कमी, असा हिशेब त्यामागे असावा. चार वाहनं बदलून येणाऱ्या मुलाच्या खिशाला तो हिशेब पटत नाही. ग्रामीण मुलींना बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेतून एसटीचा मोफत पास मिळतो. बारावी संपली की तोही संपतो आणि सवलतीचा पास काढावा लागतो. रेल्वेचा विद्यार्थी पास स्वस्त आहे, पण त्यासाठी कॉलेजच्या कार्यालयातून सवलतीचा दाखला आणावा लागतो. आणि जीपवाल्याकडे कुठलीच सवलत नसते.

ज्यांना शासकीय आदिवासी वसतिगृहात जागा मिळत नाही त्यांच्यासाठी 2016-17 पासून पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे. तिच्यात राहणं, जेवण आणि शैक्षणिक साहित्य यांसाठी पैसे थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतात. मुंबई-पुण्यासारख्या मोठ्या शहरांसाठी वर्षाला 60,000 रुपये ठरवण्यात आले. आमच्या मुलीने हा अर्ज केलाच नव्हता. का? कारण तिला कोणी सांगितलं नव्हतं. ‘कोणी’ म्हणजे मीच. डहाणूला आणि जव्हारला आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयं आहेत. मी तिथे इतर कामांसाठी जात होतो, पण हिचं काम मी ‘प्रवेश झाला’ या सदरात टाकून बंद केलं होतं.

3. मधली वाट

कॉलेजात जाणं आणि कॉलेजचं होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुंबई विद्यापीठाच्या कॉलेजांत शिकणारी बहुसंख्य मुलं घरूनच येतात. पण अंधेरीहून विलेपार्ल्याला येणारा मुलगा आणि पाड्यावरून येणारी मुलगी यांच्या दिवसात फार फरक आहे. पहिला लेक्चर संपल्यावर कट्ट्यावर बसतो, नाटकाच्या तालमीला थांबतो, ग्रंथालयात टिपणं काढतो. मैत्री वर्गात कमी आणि वर्गाबाहेर जास्त जुळते. कोणत्या सरांना काय विचारायचं, अंतर्गत परीक्षेचा प्रकल्प कसा लिहायचा, क्रेडिटची नोंद कुठे करायची, हे सगळं चहा पिताना कळतं. जिला सहाची जीप पकडायची आहे तिच्यासाठी तो चहाच नसतो.

व्हिन्सेंट टिंटो या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने 1975 साली मुलं कॉलेज का सोडतात याविषयी एक सिद्धान्त मांडला. त्याचा साधा अर्थ असा : मूल अभ्यासात रमलं आणि माणसांत रुजलं तर टिकतं, दोन्ही सुटलं की आधी मन बाहेर पडतं, मग पाय. आमच्या मुलीला हे पुस्तकात वाचावं लागलं नाही. तिची बोली ऐकून मागच्या बाकावर कोणी हसलं, त्या दिवसापासून ती वर्गात बोलेनाशी झाली. एकदा ‘कोट्यातली’ असा शब्द कानावर आला, त्यानंतर तिने शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला कार्यालयाच्या खिडकीवर जाणंही टाळलं.

याच मातीत दुसरं उदाहरणही आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्राचं काम सुरू केलं आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. गुरं राखायला जाणारी मुलं शाळेत येऊ शकत नाहीत असं दिसल्यावर त्यांनी मुलांना दोष दिला नाही. शाळाच कुरणात नेली. कुरणशाळा हा शब्द तिथून आला. मूल जिथे आहे तिथपर्यंत शिक्षणाने चालत जायचं, हा धडा आपल्या शेजारच्या टेकडीवर इतक्या वर्षांपूर्वी शिकवला गेला आहे.

4. वचनाकडे पाहू

आता आठव्या अध्यायातला तो हबशी अधिकारी डोळ्यांसमोर आणा. तो राणीचा खजिनदार आहे. त्याच्याकडे रथ आहे, हातात यशयाचा ग्रंथ आहे, त्याला वाचता येतं. म्हणजे प्रवेश, पुस्तकं आणि वाहन, तिन्ही आहेत. तरीही तो अडला आहे. वाचतो ते समजत नाही, आणि समजावणारा कोणी बरोबर नाही, हे तो मोकळेपणाने कबूल करतो.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. तो षंढ होता. अनुवाद 23:1 नुसार अशा माणसाला देवाच्या मंडळीत यायला मनाई होती. इतक्या दुरून यरुशलेमेला भजनासाठी येऊनही तो काठावरच राहिला असणार. आला, पण आत सामावला गेला नाही. आपल्या मुलीचं दुःख त्याने लगेच ओळखलं असतं. तो यशयाचा ग्रंथ वाचत होता, आणि त्याच ग्रंथाच्या छपन्नाव्या अध्यायात देव परक्यांना आणि षंढांना आपल्या घरात जागा देण्याचं वचन देतो. कदाचित तो त्या पानापर्यंत अजून पोहोचला नसेल.

फिलिप्पाने काय केलं ते क्रमाने पाहू.

पहिलं, शोमरोनात त्याचं काम जोरात चाललं होतं, गर्दी होती. ती सोडून तो एका ओसाड वाटेवर गेला. तिथे एकच माणूस होता. अहवालात एक हा आकडा फार लहान दिसतो. देवाला तो पुरला.

दुसरं, आत्म्याने त्याला रथाजवळ जायला सांगितलं. रथ थांबव, असं सांगितलं नाही. फिलिप्प धावत गेला. प्रवाशाच्या वेगाशी त्याने आपला वेग जुळवला.

तिसरं, त्याने आधी ऐकलं, मग प्रश्न विचारला. उपदेश नंतर आला.

चौथं, बोलावल्यावर तो रथात चढून शेजारी बसला. वाटेवर उभं राहून हात हलवला नाही.

पाचवं, तो माणूस जिथे वाचत होता तिथूनच त्याने सुरुवात केली.

सहावं, काम झाल्यावर फिलिप्प दिसेनासा झाला, आणि तो अधिकारी आनंद करत स्वतःच्या वाटेने पुढे गेला. त्याला फिलिप्पाचा कायमचा आधार लागला नाही. आपली मदतही अशीच असावी.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. या शास्त्रभागाचा शेवट बाप्तिस्म्याने होतो हे खरं, पण तिथे मागणी त्या अधिकाऱ्याची होती, अट फिलिप्पाची नव्हती. आपण कोणत्याही मुलाला पास, पुस्तक किंवा जागा देताना धर्म विचारत नाही, उपासनेला येण्याची अट घालत नाही, आणि पुढेही घालणार नाही. शेजारी बसण्याची किंमत मागितली तर ते शेजारी बसणं राहत नाही.

5. आपण काय करू शकतो

ती बैठक संपताना आम्ही पाच गोष्टी ठरवल्या. तुमच्या मंडळीतही त्या करता येतील.

कागदांची फाइल. अकरावीतल्या प्रत्येक मुलाची एक फाइल करावी. जातीचा दाखला, उत्पन्न, अधिवास, बँक खातं आणि वैधतेसाठी वडिलांकडची वंशावळ. मंडळीत निवृत्त शिक्षक, तलाठी कार्यालयात किंवा बँकेत काम केलेले लोक आहेत. महिन्यातला एक शनिवार त्यांनी द्यावा.

स्टेशनजवळची खोली. ज्यांचं चर्च किंवा सभागृह स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे त्यांनी आठवड्याचे दिवस दुपारी ते उघडं ठेवावं. पंखा, पिण्याचं पाणी, स्वच्छ शौचालय, मोबाइल चार्ज करायला प्लग आणि एक कप चहा. मुलींसाठी यातलं शौचालय सर्वांत मोलाचं आहे. दिवसभर पाणी न पिता राहणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत.

परीक्षेचे दिवस. परीक्षेच्या काळात मुलींच्या राहण्याची सोय कॉलेजजवळच्या कुटुंबांनी करावी. पालकांची लेखी संमती, दोघी-दोघींनी एकत्र राहणं आणि मंडळीच्या महिला समितीची देखरेख, हे नियम न मोडता.

शेवटची जीप. जीपवाल्याशी बोलून पाहा. आमच्या इथे सहा मुलांचे पैसे महिन्याच्या सुरुवातीला देण्याची हमी दिली, तेव्हा एकाने पाऊण तास उशिरा निघायचं कबूल केलं. महागड्या योजनेने जे झालं नसतं ते एका बोलण्याने झालं.

सोबती. जे रोज त्या मार्गाने नोकरीला जातात त्यांनी एका विद्यार्थ्याचं नाव, वर्ग आणि उतरण्याचं स्टेशन माहीत करून घ्यावं. अभ्यास शिकवायची गरज नाही. “आज काय झालं कॉलेजात?” एवढं विचारलं तरी पुष्कळ आहे.

आणि आमच्या अहवालात आता दोन आकडे असतात : किती जणांना प्रवेश मिळाला, आणि डिसेंबरअखेर किती जण टिकले. दुसरा आकडा लिहिताना मला अजून भीती वाटते. ती भीती मला चांगली वाटते.

ती मुलगी पुढे बोईसरच्या एका कारखान्यात पॅकिंगच्या कामाला लागली. गेल्या वर्षी तिच्या धाकट्या चुलत भावाला कॉलेजात प्रवेश मिळाला, तेव्हा त्याची फाइल घेऊन तीच आमच्याकडे आली. स्वयम् योजनेचा अर्ज तिने स्वतः वाचून भरून घेतला. निघताना तिने विचारलं, “सर, नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून नोकरी करून बी.ए. करता येते ना?” यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचा अर्ज आम्ही त्याच आठवड्यात भरला. परीक्षा अजून व्हायची आहे.

त्या परिचारिका बाई आता रविवारी तिला इंग्रजी वाचायला मदत करतात. पहिल्या दिवशी त्यांनी तिची क्षमा मागितली. मुलीला ते समजलंच नाही. ती म्हणाली, “तुम्ही मला एकदा खिडकीजवळ जागा दिली होती. मला आठवतंय.”

मनन व चर्चेसाठी

1. आपल्या रोजच्या प्रवासात किंवा कामात आपण कोणाला चेहऱ्याने ओळखतो, पण नावाने ओळखत नाही?

2. फिलिप्पाने गर्दीचं काम सोडलं. एका व्यक्तीसाठी आपली मंडळी कोणतं काम थोडं बाजूला ठेवायला तयार आहे?

3. त्या अधिकाऱ्याने पाणी पाहून ‘आता मला अडचण काय?’ अशा अर्थाचा प्रश्न केला. आपल्या भागातल्या विद्यार्थ्याने हाच प्रश्न शिक्षणाविषयी विचारला तर आपलं खरं उत्तर काय असेल?

प्रार्थनेसाठी

पहाटे घर सोडणाऱ्या मुलामुलींच्या सुरक्षित प्रवासासाठी. ज्यांचे वैधता अर्ज अडकून आहेत त्यांच्यासाठी. वसतिगृहांत आणि प्रकल्प कार्यालयांत काम करणाऱ्यांसाठी. कॉलेज अर्ध्यावर सोडलेल्यांना परतीची वाट मिळावी म्हणून. आणि आपल्यासाठी, की रथ शेजारून जाताना आपले पाय जड होऊ नयेत.